नाहीसे झाले, की नजरेआड झाले?



धनादेश, कर्जखाती, विमा, वारसनोंद असे विषय या सदरात आपण आजवर पाहिले. या खेपेचा विषय काही वाचकांस अनोळखी वाटेल. तथापि आपल्या घरांतील तरुण पिढी आता हिशेबाची तयार प्रणाली वापरण्यावर थांबत नाही. ती स्वतः लहानमोठे प्रोग्राम लिहून दुकानाचे काम हलके करू लागली आहे. जे काम यंत्राच्या हाती गेले, ते एखाद्या सकाळी अडले म्हणजे काय करावे, हे घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे. एका पत्राने हा विषय हाती घेण्यास मला प्रवृत्त केले.

पत्र दक्षिण महाराष्ट्रातील एका घाऊक कापड व्यापाऱ्यांचे आहे. त्यांच्या पुतण्याने पायथन या संगणकभाषेत एक प्रोग्राम लिहिला आहे. दिवसभराची बीजके हिशेबाच्या प्रणालीतून एक्सेलच्या तक्त्यात काढायची. मग हा प्रोग्राम त्यांना ई-वे बिलाच्या पोर्टलला लागणाऱ्या जेसन स्वरूपात बदलतो आणि ती सारी एकदम चढविता येतात. पूर्वी ज्या कामास अर्धा दिवस जाई, ते आता चहा निवण्याच्या आत होते. एके सकाळी त्याने आपला व्हीएस कोड हा एडिटर उघडला, तो नवी आवृत्ती बसल्याची सूचना समोर आली. पाहतो तर प्रोग्राम चालविण्याचे त्रिकोणी बटण जागेवर नाही आणि पायथनचे एक्स्टेन्शनही यादीत नाही. दारात कर्नाटकात जाणारा माल भरून दोन ट्रक उभे होते. परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ई-वे बिल लागते. त्यावाचून माल हलविला आणि वाटेत पकडला गेला, तर कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कायद्यात आहे. मुलाने घाईघाईने एडिटर तीन वेळा काढून पुन्हा बसविला. दुपार झाली, बटण काही आले नाही. अखेर सगळ्यांनी मिळून बीजके पोर्टलवर हाताने भरली आणि ट्रक संध्याकाळी निघाले.

पत्रात दोन प्रश्न आहेत. अपडेटने गिळलेली वस्तू परत कशी मिळवावी? आणि यापुढे अपडेट कायमचे बंद ठेवावे काय?

तीन वेगळ्या वस्तू

उत्तरापूर्वी शब्दांचा उलगडा करू. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, अर्थात व्हीएस कोड, हा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम लिहिण्याचा एडिटर आहे. तो २०१५ मध्ये जाहीर झाला, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१६ मध्ये आली आणि तो विनामूल्य मिळतो. तो मुळात साधा आणि हलका ठेवलेला आहे. ज्यास जी सोय हवी, ती त्याने एक्स्टेन्शनच्या रूपाने वरून जोडून घ्यावी, अशी त्याची रचना आहे. या एक्स्टेन्शन्सची एक बाजारपेठ असून तिला मार्केटप्लेस म्हणतात. त्यांतील काही मायक्रोसॉफ्टने, काही इतर कंपन्यांनी, तर असंख्य एक्स्टेन्शन्स जगभरच्या एकेकट्या हौशी मंडळींनी बनविलेली आहेत.

येथे तीन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, मुलाने लिहिलेला प्रोग्राम; ती केवळ मजकुराची एक फाइल आहे. दुसरी, तो मजकूर वाचून त्याप्रमाणे काम करणारे पायथन. ते संगणकावर स्वतंत्रपणे बसविलेले असते. तिसरी, लिहिण्याचे मेज म्हणजे एडिटर आणि त्या मेजाचा एक खण म्हणजे एक्स्टेन्शन. मेजाचा खण निखळला म्हणून चोपडीतील हिशेब पुसला जात नाही. पायथनचे एक्स्टेन्शन दिसेनासे झाले, तरी पायथन संगणकावर होतेच आणि प्रोग्रामही होताच. बटण तेवढे गेले होते.

म्हणून ज्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनी पहिल्यांदा अडलेले काम सोडवावे. विंडोज संगणकावर प्रोग्रामचा फोल्डर उघडावा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी ही तीन रोमन अक्षरे लिहून एंटर दाबावे. काळी खिडकी उघडेल. तीत ‘पायथन’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून प्रोग्रामच्या फाइलचे पूर्ण नाव द्यावे आणि एंटर दाबावे. बटणही मागील बाजूस जवळपास हेच करीत असते. प्रोग्रामसाठी वेगळे आभासी पर्यावरण केलेले असेल, तर त्या पर्यावरणातील पायथनचा मार्ग द्यावा लागतो. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने तो एका कागदावर लिहून ठेवावा. हे ठाऊक असते, तर त्या दिवशी दोन्ही ट्रक सकाळीच निघाले असते.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

काम मार्गी लागले की शोध सुरू करावा. बँकेत दिवसअखेर रोख जुळली नाही, तर जुन्या पद्धतीचा अधिकारी कोणासही नवी नोंद करू देत नसे. फरक का आला हे कळण्यापूर्वी केलेली प्रत्येक दुरुस्ती फरकात भर घालते. संगणकाच्या बाबतीतही काढणे, टाकणे, पुन्हा सुरू करणे यांपूर्वी पाहणे आवश्यक आहे.

मुलाने एडिटर तीन वेळा काढून बसविला, तरी काही फरक पडला नाही, याचे कारण रचनेत आहे. एडिटर स्वतः एका जागी बसतो आणि एक्स्टेन्शन्स दुसऱ्या जागी राहतात. विंडोजवर वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ‘.व्हीएसकोड’ असा बिंदूने सुरू होणारा फोल्डर असतो आणि त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ नावाचा उपफोल्डर असतो. प्रत्येक एक्स्टेन्शनची तेथे स्वतंत्र कप्पी असते. तिच्या नावात प्रकाशक, एक्स्टेन्शनचे नाव आणि आवृत्ती क्रमांक असे तीन भाग असतात. आपण केलेल्या मांडणीच्या नोंदी तिसऱ्याच ठिकाणी असतात. एडिटरचे अपडेट पहिल्या जागेवरील वस्तू बदलते. दुसऱ्या जागेला ते सहसा हात लावीत नाही. म्हणूनच एडिटर काढून बसविल्याने गेलेले एक्स्टेन्शन परत येत नाही आणि बंद पडलेलेही चालू होत नाही.

यावरून एक विवेक करावयाचा. अपडेटनंतर एखादी गोष्ट घडली, म्हणजे ती अपडेटमुळेच घडली असे नाही. अपडेटनंतर एडिटर नव्याने सुरू होतो आणि नव्याने सुरू होताना आधीच साठलेले बदल एकदम समोर येतात. दोष मात्र डोळ्यांपुढे आलेल्या सूचनेच्या माथी बसतो.

तीन प्रश्न, याच क्रमाने

शोधाचे तीन प्रश्न आहेत. वस्तू संगणकावर आहे काय? असल्यास चालू आहे काय? चालू असल्यास दिसते काय? क्रम बदलू नये. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याकडे जाऊ नये.

पहिल्या प्रश्नासाठी वर सांगितलेला एक्स्टेन्शन्सचा फोल्डर उघडून पाहावा. किंवा काळ्या खिडकीत ‘कोड’ हा शब्द, मग जागा सोडून दोन आडव्या रेषा आणि त्यांना लागून ‘लिस्ट-एक्स्टेन्शन्स’ असे रोमन लिपीत लिहावे. बसविलेल्या सर्व एक्स्टेन्शन्सची यादी समोर येते. यादीत नाव नसेल, तर वस्तू खरोखरच तेथे नाही.

ती का नाही, याची चार कारणे विशेषेकरून आढळतात. एक, संगणकावर दुसऱ्याच नावाने प्रवेश केलेला असतो. एक्स्टेन्शन्स वापरकर्त्यागणिक वेगळी असतात. दुकानाच्या एकाच संगणकावर मुनीमजींचे आणि मुलाचे खाते वेगळे असेल, तर एकाची वस्तू दुसऱ्यास दिसणार नाही. दुसरे, काही जण एडिटर रीतसर न बसविता झिप फाइल उलगडून वापरतात आणि सारा संच त्याच फोल्डरातील ‘डेटा’ या उपफोल्डरात ठेवतात. नवी आवृत्ती आली म्हणून जुना फोल्डर पुसला की डेटाही गेला. तेथे जुना डेटा फोल्डर आधी उचलून नव्या जागी ठेवावा लागतो.

तिसरे कारण क्वचित घडते, पण घडते. मार्केटप्लेसचे चालक एखादे एक्स्टेन्शन घातक ठरवून बाजारपेठेतून काढून टाकू शकतात आणि मग ते आपल्या संगणकावरूनही आपोआप काढले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मटेरियल थीम या नावाचे, एडिटरचे रंगरूप बदलणारे अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन असेच काढले गेले. ते आणि त्याच प्रकाशकाचे चिन्हांचे एक्स्टेन्शन मिळून सुमारे ९० लाख वेळा बसविले गेले होते. त्यात घातक मजकूर असल्याचा संशय आला होता. पुढील महिन्यात मायक्रोसॉफ्टने संशय चुकीचा असल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली आणि ते पुन्हा उपलब्ध केले. त्या काळात पुष्कळांस आपल्या एडिटरचे रंग रातोरात का पालटले, हे कळले नव्हते.

चौथे कारण आपल्या कुटुंबव्यवस्थेस फार जवळचे आहे. व्हीएस कोडमध्ये सेटिंग्ज सिंक नावाची सोय आहे. एकाच खात्याने दोन संगणकांवर प्रवेश केला, तर मांडणी आणि एक्स्टेन्शन्स दोन्हीकडे सारखी राहतात. सारखी राहणे याचा अर्थ केवळ भर पडणे असा नव्हे. एकीकडून काढले तर दुसरीकडूनही जाते. पत्रलेखकांस मी हीच बाब तपासावयास सांगितली आणि कारण तेथेच निघाले. पुतण्या आणि त्याची पुण्यात नोकरी करणारी चुलत बहीण एकच खाते वापरीत होते. खाते तिनेच भावास शिकविताना उघडून दिले होते. तिचे काम दुसऱ्या भाषेत चालू झाले, म्हणून तिने आपल्या लॅपटॉपवरील पायथनचे एक्स्टेन्शन आदल्या रात्री काढले. सकाळी दुकानाच्या संगणकावर एडिटर उघडताच तेथूनही ते गेले. त्याच वेळी नवी आवृत्ती बसली, एवढाच योगायोग. अपडेट निर्दोष होते आणि मुलीचीही चूक नव्हती. एका खात्यावर दोन घरांचा व्यवहार चालला होता, हे खरे कारण. दोघांनी आता वेगळी खाती केली आहेत.

दुसरा प्रश्न, वस्तू आहे पण चालू आहे काय? एडिटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स या तीन कळा एकत्र दाबल्या की एक्स्टेन्शन्सचे दालन उघडते. त्याच्या शोधपट्टीत अ‍ॅटचे चिन्ह आणि त्यास लागून ‘डिसेबल्ड’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला, की बंद असलेल्या सर्वांची यादी येते. कधी कोणी ते जाणूनबुजून बंद केलेले असते. कधी केवळ त्या एका फोल्डरपुरते बंद असते आणि इतरत्र उत्तम चालते.

याच प्रश्नात प्रतिबंधित अवस्थेचा विचार करावा. मे २०२१ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोड नवा फोल्डर उघडताना विचारतो, की यातील मजकूर लिहिणाऱ्यांवर आपला विश्वास आहे काय? घाईत ‘नाही’ म्हटले, तर एडिटर रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये जातो आणि अनेक एक्स्टेन्शन्स पूर्णतः वा अंशतः थांबतात. फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलविला की हाच प्रश्न पुन्हा येतो. खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात तशी सूचना दिसते. फोल्डर आपल्याच घरचा असेल, तर तेथूनच विश्वास नोंदविता येतो. बाहेरून आलेल्या अनोळखी फोल्डरच्या बाबतीत मात्र ही सूचना म्हणजे दारावरचा पहारेकरी आहे. त्यास केवळ कंटाळून बाजूस सारू नये.

आवृत्त्यांचे न जुळणे हेही एक कारण. प्रत्येक एक्स्टेन्शन आपल्यास किमान कोणत्या आवृत्तीचा एडिटर लागतो, हे स्वतःच्या माहितीपत्रकात नमूद करीत असते. दुकानात जुना विंडोज ७ चा संगणक अजून राबत असेल, तर त्यावर व्हीएस कोडची २०२२ मधील १.७० ही अखेरची आवृत्ती चालते. पुढील अपडेट तेथे येत नाहीत. अशा संगणकास नव्या सोयी कालांतराने दुरावणारच. तेथे एक्स्टेन्शनवर रागावण्यात अर्थ नाही. यंत्र बदलण्याची वेळ आली आहे, एवढेच समजावे.

कधी दोन एक्स्टेन्शन्सचे परस्परांत पटत नाही आणि एकामुळे दुसरे कोलमडते. त्यासाठी एडिटरमध्येच एक्स्टेन्शन बायसेक्ट नावाची युक्ती आहे. ती निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारते, दोष अजून आहे काय? उत्तराप्रमाणे उरलेल्यांचे पुन्हा निम्मे करते. सोळा एक्स्टेन्शन्स असली, तरी चार फेऱ्यांत दोषी सापडते. तेरीजपत्रक जुळले नाही, की जाणते लेखापाल पानांचे असेच निम्मे-निम्मे भाग पाडून फरक शोधतात. रीत तीच आहे, वही तेवढी नवी.

तिसरा प्रश्न, वस्तू आहे, चालूही आहे, पण दिसते काय? जानेवारी २०२३ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोडमध्ये प्रोफाइल ही सोय सर्वांस मिळाली. प्रत्येक प्रोफाइलची एक्स्टेन्शन्स निराळी असू शकतात. चुकून दुसरे प्रोफाइल निवडले गेले, तर सारे घरच परके वाटू लागते. खालच्या डाव्या कोपऱ्यातील चाकाच्या चिन्हावरून प्रोफाइल पाहून मूळ निवडले, की सर्व पूर्ववत होते. बाजूच्या पट्टीतील चिन्हही उजव्या कळेच्या सूचीतून झाकता आणि उघडता येते. आणि पायथन चालविण्याचे बटण पायथनची फाइल समोर उघडी असतानाच दिसते, हेही ध्यानात असावे.

कित्येकदा वस्तू नाहीशी होत नाही, तिचे काम दुसरीकडे सोपविले जाते. प्रोग्रामच्या ओळी नीटनेटक्या मांडण्याची आणि चुका दाखविण्याची सोय पायथनच्या मुख्य एक्स्टेन्शनमध्ये होती. २०२३ मध्ये ती स्वतंत्र एक्स्टेन्शन्सकडे वर्ग करण्यात आली. ज्यांनी ती वेगळी घेतली नाहीत, त्यांस सोय लोपली असे वाटले. याच्या उलटही घडते. कंसांच्या जोड्या निरनिराळ्या रंगांत दाखविणारे एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होते. ऑगस्ट २०२१ च्या आवृत्तीत हे काम एडिटरने स्वतःकडेच घेतले आणि ते अधिक वेगाने होऊ लागले. मग मूळ एक्स्टेन्शनची गरज उरली नाही. म्हणून शोध घेताना अपडेटसोबत आलेले टिपण वाचावे. आपण बँकेचे नवे परिपत्रक न वाचता सही करीत नाही; हेही परिपत्रकच आहे.

घाईतील खरा धोका

येथवर जे सांगितले, त्यात गैरसोय आहे, हानी नाही. हानी पुढे आहे आणि या लेखाचे मुख्य प्रयोजनही तेच आहे. वस्तू दिसेनाशी झाली की माणूस शोधपट्टीत तिचे नाव लिहितो आणि जे पहिले समोर येईल ते बसवून मोकळा होतो. फसविणारे याच क्षणाची वाट पाहतात.

जुलै २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षाक्षेत्रातील कंपनीने एक प्रकरण उघड केले. रशियातील एक प्रोग्रामर कर्सर हा एडिटर वापरीत होता. हा व्हीएस कोडच्याच मुळापासून निघालेला एडिटर आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसऐवजी ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या भांडारातून एक्स्टेन्शन्स घेतो. त्या प्रोग्रामरला सॉलिडिटी या भाषेसाठी एक्स्टेन्शन हवे होते. शोधात खऱ्या एक्स्टेन्शनच्या वर त्याच वर्णनाचे एक खोटे एक्स्टेन्शन दिसले आणि त्याने ते बसविले. ते सांगितलेले काम करीतच नव्हते; मागच्या दाराने त्याच्या संगणकाचा ताबा मात्र दुसऱ्याकडे गेला. त्याचे सुमारे ५ लाख डॉलर मूल्याचे आभासी चलन चोरीस गेले. हा गृहस्थ नवशिका नव्हता आणि सुरक्षेविषयी सावध होता, हे विशेष.

एक्स्टेन्शनला किती अधिकार असतो, हे आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. जो वापरकर्ता संगणकावर बसला आहे, त्यास जे जे वाचता आणि बदलता येते, ते ते बहुतांशी एक्स्टेन्शनलाही येते. दुकानाच्या संगणकावर हिशेब असतात, जीएसटीचे प्रवेशशब्द असतात, नेट बँकिंग असते, ग्राहकांचे पत्ते असतात. एका रंगीबेरंगी सोयीसाठी या सर्वांची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे कोणत्याही पेढीस परवडणारे नाही.

म्हणून पुन्हा बसविताना चार गोष्टी ताडून पाहाव्यात. प्रकाशकाचे नाव पाहावे, केवळ एक्स्टेन्शनचे नव्हे. पायथनच्या मूळ एक्स्टेन्शनचा प्रकाशक मायक्रोसॉफ्ट आहे. प्रकाशकाच्या नावाशेजारी निळी खूण आहे काय हे पाहावे. आपल्या संकेतस्थळाची मालकी सिद्ध केलेल्या प्रकाशकास ती मिळते. खुणेने ओळख पटते, सचोटीची हमी मिळत नाही, हेही विसरू नये. डाउनलोडच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. तो फुगविता येतो आणि वरील प्रकरणातील खोट्या एक्स्टेन्शनचा आकडाही हजारोंच्या घरात होता. शेवटचे, आपल्या जुन्या यादीतील पूर्ण नाव, म्हणजे प्रकाशक आणि एक्स्टेन्शन यांचा जोड, अक्षरशः जुळतो काय ते पाहावे. धनादेशावरील नाव आणि खात्यावरील नाव जुळविताना जी दक्षता आपण घेतो, तीच येथे घ्यावी.

अपडेट बंद ठेवावे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. अपडेटमधून नव्या सोयींबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात. दाराची कडी कुरकुरते म्हणून दारच भिंतीने बुजविणे शहाणपणाचे नाही. मात्र अपडेट केव्हा व्हावे, हे आपल्या हाती ठेवता येते. एडिटरच्या मांडणीत अपडेट मोड या नोंदीत ‘मॅन्युअल’ निवडले, तर नवी आवृत्ती आपण सांगू तेव्हाच बसते. एक्स्टेन्शन्सचे आपोआप होणारे अपडेटही वेगळे थांबविता येते. महिनाअखेर, विवरणपत्राची मुदत, दिवाळीपूर्वीचा पंधरवडा हे दिवस वगळून एखाद्या निवांत सुटीच्या सकाळी अपडेट करावे आणि लगेच एक जुने बीजक चालवून पाहावे. नवी आवृत्ती मानवली नाही, तर एक्स्टेन्शनच्या पानावरील चाकाच्या चिन्हातून विशिष्ट जुनी आवृत्ती निवडून परत बसविता येते. ही सोय तात्पुरती समजावी. कारण दूर झाले की पुन्हा नव्या आवृत्तीवर यावे.

याखेरीज ज्या पेढीत घरचा प्रोग्राम वापरात आहे, तेथे पुढील शिस्त असावी, अशी माझी विनंती आहे.

एक, बसविलेल्या एक्स्टेन्शन्सची यादी आवृत्ती क्रमांकांसह दर महिन्यास काढून फाइलमध्ये ठेवावी. वर सांगितलेल्या आज्ञेपुढे जागा सोडून दोन आडव्या रेषा आणि ‘शो-व्हर्जन्स’ असे जोडले, की क्रमांकही येतात. नाहीसे काय झाले, हे सांगणारी हीच एक खात्रीची नोंद होय.

दोन, प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. भावंडांतील प्रेम प्रवेशशब्द वाटून घेण्यावर अवलंबून नसते.

तीन, प्रोग्राम लिहिण्याचे काम आणि बँकेचे व्यवहार यांसाठी शक्य तर संगणकच निराळे असावेत. न जमल्यास निदान विंडोजमधील वापरकर्ते निराळे असावेत. त्याने धोका पूर्ण टळत नाही, पण पुष्कळ घटतो.

चार, प्रोग्रामची प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी आणि एडिटरवाचून तो कसा चालवावा, हे मराठीत एका कागदावर लिहून गल्ल्याशेजारी लावावे. ज्याने प्रोग्राम लिहिला, तो परीक्षेस गेला असता मुनीमजींना तो चालविता आला पाहिजे.

पाच, हाताने काम करण्याची मूळ रीत घरातील निदान दोघांस अवगत असावी. पोर्टलवर एक ई-वे बिल स्वतः भरता येणे, हा आजच्या व्यापाऱ्याच्या प्राथमिक शिक्षणाचा भाग आहे.

घरातील वडील मंडळींसही एक सांगणे आहे. मुलगा वा मुलगी संगणकापुढे डोके धरून बसली असता ‘कालपर्यंत तर चालत होते, तूच काहीतरी केलेस’ असे म्हणू नये. त्या वाक्याने मूल गोंधळते आणि गोंधळलेला माणूस पहिले दिसेल ते बटण दाबतो. त्याऐवजी शेजारी बसून तीन प्रश्न शांतपणे विचारावेत: आहे काय? चालू आहे काय? दिसते काय? हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. हिशेब जुळविताना जी चिकाटी आपल्या मागील पिढ्यांनी दाखविली, तेवढी पुरेशी आहे.

पुढील अंकी हिशेबाच्या संगणकीय नोंदींच्या प्रती कोठे, किती आणि किती काळ ठेवाव्यात, याचा विचार करू. आपल्या शंका पत्राने अवश्य कळवाव्यात.